अबू हातेमची तहान

पहिली जाहा एका शहिदावरून भांडून उठली होती, दुसरी एका तारखेवरून. आता तिसऱ्यांदा नायेफच्या घरच्या वडीलधाऱ्यांची जाहा रौदाला मागणी घालायला येणार होती आणि तिसऱ्यांदा ती स्वयंपाकघरात उभी राहून कॉफीसाठी वेलची कुटत होती.

"या वेळी काय बोलायचं ते सगळं ठरलंय," आई म्हणाली.

"मागच्या वेळीही ठरलं होतं."

"मागच्या वेळी तारीख ठरली नव्हती. आता तारखेचा विषयच काढायचा नाही, असं ठरलंय."

रौदा निर्वासितांच्या छावणीच्या दवाखान्यात रक्त आणि लघवी तपासायची. एकाच नमुन्याचा दोनदा चुकीचा निकाल आला असता, तर तिने यंत्र उघडून आत काय बिघडलंय ते पाहिलं असतं. बाबांना उघडून पाहायची सोय नव्हती.

तसा बाबांना नायेफ आवडायचा. त्यांचा पंखा तोच दुरुस्त करायचा, इन्व्हर्टरही त्यानेच जोडून दिला होता. नायेफ आला की बाबा स्वतः उठून त्याला उशी द्यायचे. अडचण नायेफची नव्हती, नायेफला ज्याच्यासोबत यावं लागणार होतं त्याची होती. नायेफचे वडील फायेज अठरा वर्षांपूर्वी गेले. त्यामुळे घरातला वडीलधारा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ अबू हातेम. मागणी घालायची तर त्यानेच. आणि अबू हातेम आणि बाबा एका खोलीत बसले की परतवाट मोर्चा पुन्हा फुटायचा.

परतवाट मोर्चा एकोणसत्तर साली याच छावणीत, सूर शहराच्या या टोकाला, एका शिंप्याच्या दुकानामागे जन्माला आला. जन्म देणारे तिघे, तिघेही ऐनलोज गावचे, लहानपणी आईबापांच्या पाठुंगळीवर बसून सरहद्द ओलांडलेले. रौदाचे बाबा, ज्यांना सगळे अबू मुनीफ म्हणतात, अबू हातेम, आणि फायेज. तेव्हा तिघांत मिळून दोन बंदुका होत्या. पाण्याच्या बाटल्याही दोनच. त्या बाटल्यांची गोष्ट रौदाने हजार वेळा ऐकली होती. रात्रभर डोंगर चढायचा होता, आणि अबू हातेमने आधी आपली बाटली संपवली, मग बोलता बोलता बाबांचीही. "त्याला कळलंसुद्धा नाही," बाबा सांगायचे. "बोलायला लागला की त्याची जीभ सुकते, आणि जीभ सुकली की हाताला लागेल ते पितो. मी सकाळपर्यंत गवत चावत होतो."

पाच वर्षं सगळं एकत्र चाललं. चौऱ्याहत्तरमध्ये प्रश्न आला की जमिनीचा एखादा तुकडा सुटला, तर आधी त्याच्यावर आपलं राज्य बसवायचं, की सगळी सुटेपर्यंत काहीच घ्यायचं नाही. बाबा म्हणाले, सगळी. अबू हातेम म्हणाला, मिळेल तेवढी आधी. त्या वेळी दोघांच्याही हातात एक वीतभर जमीन नव्हती, तरी बैठक दोन दिवस चालली. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीत रौदा जन्मली. "मी कळा देत होते आणि हे ठराव मंजूर करत होते," हे वाक्य आई अजून कुठल्याही भांडणात वापरायची. बाबा घरी आले ते 'परतवाट मोर्चा, मूळ' या संघटनेचे सरचिटणीस होऊन. अबू हातेम 'परतवाट मोर्चा, सुधारित'चा. शिक्के दोन झाले, झेंडे दोन झाले, झेंड्यावरचा बदामाचा मोहोर मात्र दोघांनीही सोडला नाही.

मग त्र्याऐंशी साल आलं. उत्तरेला, याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, त्रिपोलीत आपलीच माणसं आपल्याच माणसांवर तोफा डागत होती, मूळ एका बाजूला होते आणि सुधारित दुसऱ्या. फायेज मधल्या रस्त्यावर मेला. गोळी कुठल्या बाजूने आली ते कोणाला कळलं नाही. तेव्हापासून दर वर्षी त्याच्या पुण्यतिथीला छावणीच्या भिंतींवर त्याचे दोन फोटो लागतात, एकाखाली लिहिलेलं असतं मूळ, दुसऱ्याखाली सुधारित. त्याच वर्षी या सगळ्याचा वीट येऊन अबू सक्र नावाचा एक जण अकरा माणसं घेऊन सुधारितमधून बाहेर पडला. त्याने आपल्या तुकड्याचं नाव ठेवलं 'परतवाट मोर्चा, एकजूट'.

हे सगळं रौदाने आयुष्यभर ऐकलं होतं. तिला त्याचं काही वाटेनासं झालं असतं, पण शनिवारी नायेफचं विमान होतं. कतारमध्ये वायरमनचं काम, खूप खटपट करून मिळालेलं. जायच्या आधी निकाह झाला आणि त्याचा कागद सोबत गेला, तरच पुढे बायको म्हणून तिचा परवाना निघणार होता. बाबांनी शब्द दिल्याशिवाय शेख निकाह लावणार नव्हता. एकटी गेलेली पोरं तिने पाहिली होती. पहिल्या वर्षी रोज फोन, दुसऱ्या वर्षी ईदला फोन, आणि नंतर कोणाच्या तरी मावशीकडून कळायचं की तिकडेच लग्न झालं.

"नायेफ तसा नाही," आई म्हणाली.

"समीहाचा नवराही तसा नव्हता," रौदा म्हणाली आणि वेलची आणखी जोरात कुटू लागली.

मंडळी आली. पुढे अबू हातेम, करडा कोट, हातात काठी. मागे त्याच्या घरचे चार-पाच पुरुष. शेवटी इस्त्रीचा सदरा घातलेला नायेफ, फाशीच्या शिक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा. मध्यस्थ म्हणून अबू सक्रला बोलावलं होतं. त्याला दोन्ही बाजू सारखंच तुच्छ मानायच्या, म्हणून त्याच्या नावावर कोणाचा आक्षेप आला नाही. नायेफची आई, उम्म नायेफ, थेट स्वयंपाकघरात शिरली आणि न विचारता कप पुसायला लागली. दोन्ही आयांचं सगळं मागच्या उन्हाळ्यातच ठरलं होतं, पडद्यांच्या रंगापर्यंत.

रौदाचा भाऊ मुनीफ डेन्मार्कला होता. घरात वाढायला पुरुष नाही, म्हणून ट्रे तिलाच न्यावा लागला. तिने सगळ्यांसमोर कप ठेवले. कोणी हात लावला नाही. लावायचाच नसतो. जाहाच्या म्होरक्याने कप समोर ठेवून मागणी घालायची, मुलीच्या बापाने "कॉफी प्या" म्हणायचं, की झालं. तो म्हणाला नाही, तर कप तसाच ठेवून उठायचं. मागच्या दोन खेपांना कप तसेच राहिले होते आणि आईने ती कॉफी मोरीत ओतताना दोन्ही वेळा डोळे पुसले होते.

अबू हातेम घसा खाकरून उभा राहिला. सुरुवात सुरेख झाली. त्याने अल्लाहचं नाव घेतलं, पैगंबराचं घेतलं, ऐनलोजच्या विहिरीचं आणि दोन घरांतल्या जुन्या मिठाचं घेतलं. दाराआड उभ्या असलेल्या रौदाने हळूच श्वास सोडला.

"...म्हणून मी आज माझ्या दिवंगत भावाच्या मुलासाठी," तो म्हणाला, "ज्या भावाने चौऱ्याहत्तरच्या बैठकीत योग्य बाजू ओळखली..."

"या अल्लाह," आई पुटपुटली.

"कोणती बाजू?" खोलीतून बाबांचा आवाज आला. शांत होता, म्हणजे वाईट होता.

"मी कुठे नाव घेतलं?"

"योग्य म्हणालास."

"मग योग्य असेल ते तू समज ना, अबू मुनीफ! तुला कोणी अडवलंय?"

"फायेजने बैठकीत हात वर केलाच नव्हता. मी त्याच्या शेजारी बसलो होतो."

"शेजारी मी बसलो होतो. तू दाराजवळ होतास. कायम दाराजवळ बसायचास, निघून जायला बरं."

"मी निघून गेलो? मी? मूळ कोण आणि फुटलं कोण?"

अबू सक्रने दोन्ही हात वर केले. "भावांनो, आपण मुलीसाठी आलोय."

"तू गप्प बस," दोघंही एकदम म्हणाले. अर्ध्या तासात दोघांचं एकमत झालेली ती एकमेव गोष्ट होती.

पाहुण्यांसमोर गार कॉफी ठेवणं म्हणजे घराची नाचक्की. रौदा कप उचलून आत आली, नवी कॉफी केली, पुन्हा घेऊन गेली. तोवर अबू हातेम खाली बसला होता आणि दोघं अठ्ठ्याहत्तरच्या एका पत्रकापर्यंत पोचले होते. तीही गार झाली. रौदा पुन्हा कप उचलायला गेली तेव्हा नायेफने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मान पुन्हा खाली घातली.

"तू काही बोलत का नाहीस?" तिने दाराशी जाता जाता दबक्या आवाजात विचारलं.

"मी नवरामुलगा आहे. मला बोलायचा अधिकार नाही."

"मग कोणाला आहे?"

नायेफने खांदे उडवले. त्याचे वडील जिवंत असते तर त्यांना असता, हे दोघांनाही माहीत होतं.

स्वयंपाकघरात तिने गार कॉफी मोरीत ओतली. उम्म नायेफ स्टुलावर बसून होती.

"अठरा वर्षं ऐकतेय," ती म्हणाली. "फायेज कोणत्या बाजूचा होता ते या सगळ्यांना माहीत आहे. मला माहीत नाही. मला तो एवढंच म्हणाला होता की दोघांना भेटून येतो, फार ताणलंय त्यांनी."

आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेरून अबू हातेमचा आवाज चढत होता आणि मध्येच घोगरा होऊन तुटत होता.

"पोरी," तो ओरडला, "जरा पाणी देशील का?"

खोलीतला पाण्याचा जग पहिल्या अर्ध्या तासातच रिकामा झाला होता, आणि सगळं पाणी अबू हातेमनेच प्यायलं होतं. रौदा जग घेऊन आली.

"कॅनमधून भर," आई म्हणाली. छावणीच्या नळाला समुद्राचं खारट पाणी यायचं. पिण्याचं पाणी कॅनने विकत घ्यायचं. दोन खेपा कॉफी करूनही कॅन तळापासून चार बोटं भरलेला होता.

रौदाने कॅन उचलला, जगावर तिरका केला, आणि तशीच थांबली.

दवाखान्यात अबू हातेमची साखर तीच तपासायची. रक्तदाबाच्या गोळ्याही त्याच खिडकीतून घ्यायचा. त्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, ही तक्रार तो दर महिन्याला करायचा, आणि बोलायला लागला की आणखी. तिला डोंगरावरच्या त्या दोन बाटल्या आठवल्या.

तिने कॅन पुन्हा सरळ केला. थोडं पाणी जगात न ओतता कॉफीच्या भांड्यात ओतलं.

"अगं, पाणी मागितलंय त्यांनी," आई म्हणाली.

"आणते म्हणून सांगते."

आईने तिच्याकडे पाहिलं. उम्म नायेफनेही. उम्म नायेफ उठली, रिकामा जग घेतला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला. मग परत स्टुलावर येऊन बसली.

कॉफी उकळली तशी रौदाने ती लगेच ओतली नाही. वाफ निवेपर्यंत थांबली. ओठ भाजले तर माणूस भानावर येतो. भांड्याला बोट लावून पाहिलं आणि मग कप भरले. खोलीत जाऊन अबू हातेमचा कप तिने मधल्या टेबलावर न ठेवता त्याच्या उजव्या हाताशी, खुर्चीच्या रुंद हातावर ठेवला.

"पाणी, मुली?"

"आणते, काका," ती म्हणाली आणि दाराआड जाऊन उभी राहिली.

आता बाबा काही तरी बोलतील, असं तिला वाटलं. पाहुण्याने दोनदा पाणी मागितलं होतं आणि बाबा पाहुणचारात कधी चुकायचे नाहीत. पण बाबा पुढे वाकले.

"बरं," ते म्हणाले. "त्र्याऐंशीचं बोलू. त्रिपोलीत तुझी माणसं कुठे होती ते सांग. पहिल्या दिवसापासून. काही गाळू नकोस."

रौदाने कपाळाला हात लावला. पहिल्या दिवसापासून! ही माणसं शनिवारपर्यंत उठणार नव्हती. नायेफचं विमान त्याच्याशिवाय उडणार होतं.

अबू हातेम सांगू लागला. बंदर, बागा, पुलाचं नाक्यापलीकडचं टोक. कोण कोणाला काय म्हणालं. कोणी आधी वायरलेस बंद केला. त्याचा आवाज कोरडा पडत गेला, त्याने एकदा ओठांवरून जीभ फिरवली, पुन्हा फिरवली. "...आणि तेव्हा मी स्वतः सांगून पाठवलं, की रस्ता मोकळा ठेवा, फायेज येतोय, माझा भाऊ येतोय, कोणी..." त्याचा आवाज तुटला. हात आपोआप उजवीकडे गेला. त्याने कप उचलला, एका घोटात संपवला, खाली ठेवला, आणि म्हणाला, "...कोणी गोळी चालवायची नाही."

सगळ्या माना त्या कपाकडे वळल्या.

अबू हातेमला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने कपाकडे पाहिलं. तळाशी फक्त गाळ होता.

"प्यायला," अबू सक्र म्हणाला.

"मी नाही प्यायलो," अबू हातेम म्हणाला.

"काका, तुमच्या मिशीला लागलीय," नायेफ म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं सर्वांसमोरचं ते पहिलं वाक्य.

"घसा कोरडा पडला होता. ही पिण्यात धरायची नाही. मी मागणी पुरी घातलीच नव्हती!"

"मागणी न घालता, होकार न मिळता, कॉफी प्यायलास," बाबा सावकाश म्हणाले. "मिळेल तेवढं आधी घ्यायचं. हेच ना तुमचं धोरण?"

"अबू मुनीफ, तू आता यात चौऱ्याहत्तर आणू नकोस!"

"सुरुवात कोणी केली?"

"थांबा!" अबू सक्र ओरडला. लहानखुरा, टकला माणूस. त्याच्या आवाजात एवढी ताकद असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. "अठरा वर्षं मी तुम्हा दोघांचं ऐकतोय. आता माझं ऐका. अबू हातेम, दुसऱ्याच्या घरी जाहा घेऊन गेलास, कॉफी प्यायलास आणि मुलीशिवाय परत आलास, तर छावणीत कुठे तोंड दाखवशील? पोरं रस्त्यात कप वाजवतील तुझ्या मागे. आणि अबू मुनीफ, तुझ्या घरची कॉफी ज्याच्या पोटात गेली, त्याला तू नाही म्हणून पाठवणार? तुझ्या बापाने, ऐनलोजमध्ये, असं कधी केलं होतं? दोघांनाही परवडत नाही. आता बोला."

स्वयंपाकघराच्या दाराशी तिन्ही बायका श्वास रोखून उभ्या होत्या. रौदाने हातातला ट्रे पोटाशी घट्ट धरला होता.

बाबांनी समोरच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं. मग अबू हातेमकडे.

"फायेज येतोय, हे तू सांगून पाठवलं होतंस?"

"हो."

"मीही पाठवलं होतं," बाबा म्हणाले.

अबू हातेमने कोटाच्या बाहीने मिशी पुसली, आणि बाही जरा जास्तच वेळ तोंडावर राहिली.

"प्या," बाबा म्हणाले. मग मोठ्याने, सगळ्यांकडे हात करून, "कॉफी प्या, मंडळी. मुलगी तुमची."

उम्म नायेफने आनंदाची अशी किलकारी फोडली, की गल्लीतली कबुतरं उडाली. आईने तिच्यात आपला आवाज मिसळला. सगळ्यांनी तळवे उघडून फातिहा म्हटली, आणि तेवढा वेळ परतवाट मोर्चाचे तिन्ही तुकडे एका आवाजात होते. हात तोंडावरून फिरवून होतात न होतात तोच अबू सक्र म्हणाला, "हा एकजुटीचा विजय आहे."

"कसली एकजूट!" अबू हातेम म्हणाला. "अकरा माणसं."

"नऊ. दोघं गेल्या महिन्यात बाहेर पडले."

"का?"

"मी तुमच्या असल्या भानगडीत मध्यस्थी करतो म्हणून."

शेखला उद्या सकाळी बोलवायचं ठरलं. निकाहाला झेंडे आणायचे नाहीत, हेही ठरलं. त्यानंतर फायेजचा फोटो भिंतीवर कुठे लावायचा यावरून थोडी कुरबूर झाली, पण तोवर मिठाई फिरत होती आणि तोंडं भरलेली होती. नायेफ निघताना दारात घुटमळला. "काकांना पाणी का दिलं नाहीस?" त्याने विचारलं. "विसरले," रौदा म्हणाली. वायरमन असला तरी त्याला सगळ्या जोडण्या कळायची गरज नव्हती.

मंडळी गेली. आई उम्म नायेफला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेली. रौदा मोरीत कप धूत होती तेव्हा बाबा आत आले. त्यांनी कोपऱ्यातला कॅन उचलून हलवून पाहिला. आत पाणी डचमळलं.

"पाणी होतं," ते म्हणाले.

रौदा कप धूत राहिली. "हो."

बाबांनी पेला घेतला, भरला, आणि उभ्याने, न थांबता प्यायला. मग दुसरा भरला. तोही प्यायला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की दुपारभर त्यांनीही तोंडाला थेंब लावला नव्हता.

"त्याने दोनदा मागितलं," ती म्हणाली. "तुम्ही हाक का मारली नाहीत?"

"मी बोलत होतो."

"तुम्ही त्यांना बोलायला लावत होतात."

बाबांनी पेला विसळला आणि पालथा ठेवला. पिठाच्या डब्यामागून जगाचं हँडल दिसत होतं. त्यांनी ते पाहिलं. दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"पण आधी तो प्यायला, हे विसरू नकोस," ते म्हणाले. "मी होकार द्यायच्या आधी. उद्या तुझ्या पोरांना सांगशील तेव्हा क्रम नीट सांग."

"बाबा," रौदा म्हणाली, "जा आता. मला कप धुवू द्या."